सहावा गुरू चंद्र : एक दुरुस्ती

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

२०२३ च्या आपल्या वार्षिक अंकात माझा एक लेख आला होता, काहींना आठवत असेल. त्या वर्षी २३ ऑगस्टला चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण भागात उतरले. सगळा देश आनंदात होता, मीही होतो. त्या भरात मी तीन गोष्टी ठामपणे लिहून टाकल्या. पहिली, विश्व महास्फोटातून झाले हा सिद्धांत आपल्या वेदांत जसाच्या तसा आहे. दुसरी, ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वय शास्त्रज्ञ सांगतात ४५४ कोटी, तेव्हा हिशेब जुळला. तिसरी, चंद्राचा जन्म कसा झाला हे विज्ञानाला आत्ता कळले, पुराणांत ते आधीच लिहून ठेवले आहे. दत्तजयंतीला जन्मकीर्तनाच्या आधी मला दहा मिनिटे बोलायला दिली होती, तेव्हाही हेच बोललो. टाळ्या पडल्या, शाल मिळाली, प्रसादाच्या रांगेत लोक हात हातात घेऊन "छान बोललात" म्हणाले.

त्या तिन्ही नोंदी चुकीच्या होत्या.

मी छत्तीस वर्षे बँकेत कारकुनी केली. आमच्याकडे साधा नियम होता. लेजरमध्ये चुकीची नोंद पडली तर खाडाखोड करायची नाही, ब्लेडने खरवडायचे तर मुळीच नाही (खरवडणारेही पाहिले आहेत, ते सोडा). उलटी नोंद घालायची, आणि ती त्याच खात्यात घालायची. म्हणजे मागून तपासायला येणाऱ्याला चूकही दिसते आणि दुरुस्तीही दिसते. चूक या अंकात झाली, तर दुरुस्ती याच अंकात व्हायला हवी. ती गेल्या वर्षीच छापायला हवी होती. तोंडी बोललो, पण लिहायचा धीर झाला नाही, हे कबूल करतो.

झाले असे. त्या २०२३ च्या दत्तजयंतीला प्रसाद झाल्यावर आपल्याच एका सेवेकऱ्याची मुलगी माझ्याकडे आली. तेव्हा ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, ते महास्फोटाचं कोणत्या सूक्तात आहे? मला वाचायचंय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच वाचायचे होते. मी म्हणालो, "उद्या सांगतो." घरी येऊन शोधू लागलो तर माझ्याकडे होते काय? मोबाईलवर फिरत आलेला एक मजकूर, खाली कुणाचे नाव नाही, ग्रंथाचा आकडा नाही. छत्तीस वर्षांत व्हाउचर पाहिल्याशिवाय मी दहा रुपयांची एंट्री पास केली नाही. आणि महाराजांच्या पादुकांसमोर उभा राहून साऱ्या विश्वाच्या उत्पत्तीची एंट्री बिनव्हाउचरची पास केली! त्या रात्री झोप लागली नाही.

मग महिनाभर शोधले. मी बी.कॉम. झालेला माणूस, विज्ञान दहावीनंतर सुटले ते सुटले. पण वाचता येते, आणि निवृत्तीनंतर वेळ असतो. आधी आपली बाजू तपासायला घेतली.

कल्पाचा आकडा घ्या. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा, हे पुराणांत आहे, त्यात शंका नाही. पण त्याची पृथ्वीच्या वयाशी गाठ मी घातली होती, पुराणाने नाही. आपण प्रत्येक पूजेला संकल्प सोडतो त्यात काय म्हणतो? श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे महायुग. गुरुजी म्हणतात, आपण पळीतले पाणी ताम्हनात सोडतो आणि पुढे जातो. त्याचा हिशेब मांडून पाहिला तर चालू कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षे झाली आहेत. म्हणजे आपल्याच पंचांगाप्रमाणे ब्रह्मदेवाचा आजचा दिवस अजून मध्यावरही आलेला नाही. मग ४३२ ची ४५४ शी तुलना कशी करणार? चालू कल्पाचे वय घ्यायचे तर १९७ घ्यावे लागेल, आणि ते पृथ्वीच्या वयाच्या निम्मेही नाही. शिवाय ४३२ आणि ४५४ यांतही बावीस कोटींचा फरक राहतोच. आमच्या शाखेत बावीस पैशांचा फरक राहिला तर कुणी घरी जात नसे. याला आम्ही 'आकडा बसवणे' म्हणायचो, आणि तसे करणाऱ्याला मेमो मिळायचा.

यात अभिमानासारखे काही उरत नाही, असे मात्र नाही. सतराव्या शतकात आयर्लंडचे एक आर्चबिशप अशर यांनी बायबलवरून जगाचा आरंभ इसवीसनापूर्वी ४००४ या वर्षी झाला असा हिशेब केला होता, आणि पुष्कळ वर्षे तो युरोपात मान्य होता. आपल्याकडे कोट्यवधी वर्षांच्या काळाची कल्पना करायला माणसे घाबरली नाहीत. ही मोठी गोष्ट आहे. पण मोठा आकडा उच्चारणे वेगळे आणि मोजून काढणे वेगळे.

वेदांचे तर आणखी निराळे निघाले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात नासदीय सूक्त आहे. सृष्टी कशी झाली याविषयीचे सर्वांत प्रसिद्ध सूक्त हेच. त्याचा अर्थ मी तीन वेगवेगळ्या भाषांतरांतून वाचला. त्यात महास्फोट नाही. ऋषी शेवटी विचारतो, हे कोणापासून झाले, कोणी केले की केले नाही, हे वरून पाहणाऱ्यालाच ठाऊक, किंवा कदाचित त्यालाही नसेल. प्रश्न उघडा ठेवून सूक्त संपते. मी मात्र व्यासपीठावरून सांगितले होते की ऋषींना सगळे ठाऊक होते. जे म्हणण्याचे धाडस त्या ऋषीला झाले नाही, ते शाल पांघरून मी म्हटले.

आता चंद्राकडे येऊ. चंद्र हा दत्तभक्तांच्या घरचाच. अत्री-अनसूयेचे तीन पुत्र : विष्णूच्या अंशाने दत्त, शिवाच्या अंशाने दुर्वास आणि ब्रह्मदेवाच्या अंशाने चंद्र. गुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायात आपण दर वर्षी सप्ताहात हे वाचतो. चंद्र आईचा निरोप घेऊन चंद्रमंडळाला गेला, दुर्वास तपाला गेले, दत्तप्रभू मातेजवळ राहिले. पण शोधता शोधता लक्षात आले की चंद्राच्या जन्माच्या कथा आपल्याकडे एकाहून अधिक आहेत. भागवतात अत्रिऋषी ऋक्ष पर्वतावर तप करतात आणि तिन्ही देव प्रसन्न होऊन पुत्ररूपाने येतात, तिथे अनसूयेची परीक्षा नाही. काही पुराणांत चंद्र अत्रींच्या नेत्रांतून प्रकटतो. समुद्रमंथनात तो क्षीरसागरातून वर येतो. पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या मनापासून होतो. हे सर्व ग्रंथ आपल्याला पूज्य आहेत, आणि कोणत्याही आचार्यांनी बसून यांतली एक खरी ठरवून बाकीच्या रद्द केल्या नाहीत. त्यांना जन्मदाखला द्यायचाच नव्हता, हे माझ्या कारकुनी डोक्यात फार उशिरा शिरले.

मग विज्ञानाची बाजू पाहिली. तिथेही एक नाही, चार गोष्टी आहेत. फरक एवढाच की तिथे चारांतल्या तीन रद्द झाल्या, आणि का रद्द झाल्या त्याची प्रत्येकाची नोंद आहे.

पहिली गोष्ट जॉर्ज डार्विन यांची. उत्क्रांतीवाले चार्ल्स डार्विन, त्यांचे हे चिरंजीव. १८७९ च्या सुमारास त्यांनी मांडले की पृथ्वी आरंभी तप्त, पातळ आणि फार वेगाने फिरणारी होती, त्या वेगात तिचा एक भाग सुटून चंद्र झाला. म्हणजे चंद्र पृथ्वीचा मुलगा. पॅसिफिक महासागर ही त्या प्रसूतीची खूण, असेही पुढे कुणी सुचवले. पण तेवढा वेग पृथ्वीला कुठून आला असेल आणि नंतर गेला कुठे, याचा हिशेब लागेना. दुसरी गोष्ट : पृथ्वी आणि चंद्र एकाच ढगातून शेजारी शेजारी घडले. म्हणजे भाऊ. (आपण पृथ्वीला आई आणि चंद्राला चांदोमामा म्हणतो, ते या गोष्टीत चपखल बसते. पण मी आता काहीही 'जुळवणार' नाही, शपथ घेतली आहे.) ही गोष्ट अडली ती लोखंडाशी. पृथ्वीच्या वजनाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग तिच्या पोटातला लोखंडी गाभा आहे, चंद्राचा गाभा त्याच्या वजनाच्या जेमतेम एक-दोन टक्के. एकाच भांड्यातून वाढलेल्या दोन ताटांत एवढा फरक पडत नाही. तिसरी गोष्ट : चंद्र दुसरीकडे कुठेतरी घडला, जाता जाता पृथ्वीच्या ओढीत सापडला. म्हणजे दत्तक. ही गोष्ट दगडांनी मोडली.

१९६९ ते १९७२ या काळात अपोलोच्या सहा मोहिमांतून माणसे चंद्रावर उतरली आणि त्यांनी मिळून ३८२ किलो दगडमाती आणली. त्या दगडांत ऑक्सिजनच्या तीन प्रकारांचे प्रमाण मोजले. हे प्रमाण सूर्यमालेत ठिकाणागणिक बदलते. मंगळावरून आलेल्या उल्कांत वेगळे असते, इतर बऱ्याच उल्कांत वेगळे असते. चंद्राच्या दगडांत मात्र ते अगदी पृथ्वीसारखे निघाले. तेव्हा चंद्र परक्या घरातून आलेला नाही. पण त्याच दगडांत पाणी, सोडियम, पोटॅशियम, जस्त असे तापल्यावर उडून जाणारे पदार्थ फार कमी निघाले. जणू कुणी ते सगळे भट्टीत घालून काढले होते.

यावरून चौथी गोष्ट पुढे आली. हार्टमन आणि डेव्हिस यांनी १९७५ मध्ये, कॅमेरॉन आणि वॉर्ड यांनी १९७६ मध्ये ती मांडली, आणि १९८४ मध्ये हवाई बेटावर शास्त्रज्ञांची जी परिषद झाली तीत बहुतेकांचा कल तिच्याकडे झुकला. सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोळा कोवळ्या पृथ्वीवर तिरका आदळला. त्या गोळ्याचे लोखंड पृथ्वीच्या पोटात बुडाले. दोघांचा वरचा दगडी भाग वितळून, वाफ होऊन आभाळात उडाला, पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि निवून त्याचा चंद्र झाला. लोखंड कमी का, उडून जाणारे पदार्थ कमी का, दगड पृथ्वीसारखे का, सगळ्याला यात काहीतरी उत्तर आहे. आदळणाऱ्या त्या गोळ्याला पुढे शास्त्रज्ञांनी नाव दिले थिया. ग्रीक पुराणात थिया ही चंद्रदेवतेची आई. म्हणजे त्यांनाही नाव ठेवायची वेळ आली तेव्हा आईच आठवली. हे वाचून मला बरे वाटले. अनसूयामातेचा विज्ञानात पुरावा सापडला असा याचा अर्थ नाही, फक्त बरे वाटले, इतकेच.

तुम्हाला वाटेल, आता हा माणूस टक्कर म्हणजे अहंकार, थिया म्हणजे जीव, पृथ्वी म्हणजे शिव असे रूपक काढणार. नाही काढणार. टक्कर म्हणजे टक्कर.

ही चौथी गोष्टही पूर्ण टॅली होत नाही. थिया वेगळी होती तर तिचा काहीतरी वेगळेपणा चंद्रात उतरायला हवा, कारण साध्या गणिताने चंद्राचा बराचसा माल तिच्याकडून यायला हवा. मग ऑक्सिजनचे प्रमाण इतके तंतोतंत पृथ्वीसारखे कसे? कुणी म्हणतात टक्कर इतकी भयंकर होती की दोघांचा माल पुरता घोटून निघाला. कुणी म्हणतात थिया मुळात पृथ्वीच्या शेजारीच, त्याच मालातून घडलेली. हे अजून मिटलेले नाही. आमच्याकडे अशा रकमेला सस्पेन्स खाते असते. पैसा आला आहे, कोणाचा ते कळत नाही, तर तो उगाच कुणाच्या नावावर टाकायचा नाही. सस्पेन्सला ठेवायचा आणि शोधत राहायचे. लबाड कारकुनाचे सस्पेन्स खाते नेहमी कोरे असते. मला या शास्त्रज्ञांविषयी पहिल्यांदा आदर वाटला तो यासाठी, की त्यांचे सस्पेन्स खाते भरलेले आहे आणि ते उघडे आहे.

आणि आपले चांद्रयान? त्याचा खरा वाटा मी माझ्या लेखात लिहिलाच नव्हता, कारण मला ठाऊक नव्हता. प्रज्ञान गाडी चंद्राच्या दक्षिणेकडच्या मातीवर शंभरएक मीटर चालली आणि अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीने बनवलेल्या उपकरणाने तिने मातीच्या २३ मोजण्या केल्या. ते निष्कर्ष ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आले. चंद्र जन्मला तेव्हा वरून खोलवर वितळलेला होता, लाव्हाचा समुद्रच, आणि हलकी खनिजे दुधावर साय यावी तशी वर तरंगून त्याचे कवच झाले, असा तर्क अपोलोच्या दगडांवरून १९७० पासून होता. पण ते दगड बहुतेक मधल्या पट्ट्यातले. दक्षिणेकडे इतक्या दूरवर जागेवर जाऊन माती तपासणारे आपले यान पहिले, आणि तिथेही तीच साय मिळाली. छाती भरून यावी असे हे काम आहे. याला फिरत्या मजकुराची पुरवणी जोडायची गरज नव्हती.

विश्वाच्या उत्पत्तीचे मी थोडक्यात सांगतो, कारण त्यातले गणित माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. १९२९ मध्ये हबल यांनी दाखवले की आकाशगंगा एकमेकींपासून दूर जात आहेत, जितकी लांब तितकी वेगाने. मागे हिशेब केला तर सगळे कधीकाळी अत्यंत दाट, अत्यंत तप्त होते. तो काळ आता सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वीचा धरतात. हा स्फोट म्हणजे मोकळ्या जागेत फुटलेला बॉम्ब नाही. केक फुगताना त्यातले बेदाणे जसे एकमेकांपासून दूर जातात तशी जागाच फुगते आहे. हे मी लेखात चुकीचे लिहिले होते, तेही दुरुस्त धरावे.

मला इथे थांबवले ते एका माणसाने. हबलच्या दोन वर्षे आधी, १९२७ मध्ये, हे प्रसरण गणिताने मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे गणिती होते आणि कॅथलिक धर्मगुरूही होते, झगा घालून चर्चमध्ये पूजा सांगणारे. १९३१ मध्ये त्यांनी सगळे विश्व एका आद्य अणूतून निघाले असावे असे सुचवले. पुढे १९५१ च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या सिद्धांताचा आधार घेऊन सांगितले की विज्ञान आता ईश्वराच्या सृष्टिनिर्मितीला साक्ष देऊ लागले आहे. म्हणजे मी आपल्या मंदिरात केले तेच. आपलाच सिद्धांत, आपल्याच सर्वोच्च गुरूने उचलून धरलेला, कुणाला आनंद झाला नसता? लमेत्र अस्वस्थ झाले. त्यांचे म्हणणे असे होते की हा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, आस्तिकालाही चालेल आणि नास्तिकालाही. उद्या गणित बदलले तर देवाचे काय करणार? त्यांनी आपले म्हणणे रोमपर्यंत पोहोचवले, आणि पुढच्या वर्षी पोपनी खगोलशास्त्रज्ञांसमोर भाषण केले त्यात तसा दावा नव्हता. देवावरची श्रद्धा इतकी पक्की की तिला विज्ञानाचे सर्टिफिकेट नको! वाचून मी चष्मा काढून ठेवला. आपली श्रद्धा मी किती कच्ची समजत होतो, म्हणून तिला टेकू शोधत फिरत होतो.

या सिद्धांताचा मोठा पुरावा सापडला त्याची हकीकत दत्तभक्तांना आवडेल. १९६४ मध्ये अमेरिकेत पेंझियस आणि विल्सन हे दोघे एका मोठ्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनावर काम करत होते. कुठूनसा एक बारीक खरखराट येत होता. अँटेना कुठेही वळवा, दिवसा पाहा, रात्री पाहा, तो तेवढाच. थोडासाच होता, सोडून देता आला असता. पण त्यांनी सोडला नाही. सगळी जोडणी तपासली. आत कबुतरांची जोडी राहत होती आणि तिने घाण केली होती. कबुतरे धरून लांब नेऊन सोडली तर ती परत आली, शेवटी बिचाऱ्यांचे प्राण गेले. अँटेना धुऊन स्वच्छ केला. फरक तसाच! शेवटी उलगडले की तो खरखराट यंत्राचा नव्हता. विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असताना जो पहिला प्रकाश मोकळा झाला, तो निवत निवत आज शून्याखाली सुमारे २७० अंशांवर आला आहे आणि सगळीकडून येतो आहे. जुन्या टीव्हीवर चॅनेल नसताना ज्या मुंग्या दिसायच्या, त्यांतही त्याचा थोडासा अंश असायचा. पेंझियस-विल्सन यांना १९७८ चे नोबेल मिळाले. लमेत्र यांना हा शोध १९६६ मध्ये मृत्यूच्या थोडेच आधी कळला.

दिवसअखेर टॅली न लागणारी छोटी रक्कम काय असते, हे बँकेत बसलेल्यालाच कळते. नवखा म्हणतो किरकोळ आहे, जाऊ द्या. जुना हेडकॅशियर म्हणतो, किरकोळ आहे म्हणूनच शोधा.

यात एक आपला माणूसही आहे. 'बिग बँग' हे नाव फ्रेड हॉइल यांनी १९४९ मध्ये रेडिओवर बोलताना वापरले, आणि ते स्वतः हा सिद्धांत मानत नव्हते. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर त्यांचे शिष्य आणि सहकारी. नारळीकरांनीही महास्फोट अखेरपर्यंत मानला नाही. बहुसंख्य शास्त्रज्ञ एका बाजूला आणि ते दुसऱ्या बाजूला, पण पुण्यात त्यांनी जी 'आयुका' संस्था उभी केली तिथे महास्फोट मानणारेही सुखाने काम करत राहिले. मे २०२५ मध्ये ते गेले. त्यांचा मुद्दा बरोबर की चूक ते मला काय कळणार! पण मत धरायचे तर कागद घेऊन धरायचे, हे त्यांच्याकडून घ्यावे. आणि आजही विश्वाचा हिशेब मांडला तर ज्या पदार्थाचे आपण, तारे, ग्रह बनलो तो सगळा मिळून जेमतेम पाच टक्के भरतो. बाकी पंच्याण्णव टक्क्यांना कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा अशी नावे आहेत, पण ती काय आहेत ते कळलेले नाही. एवढे मोठे सस्पेन्स खाते जगात दुसरे नसेल.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते. भागवताच्या एकादश स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायात, अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. नाथमहाराजांनी आपले मराठी भागवत याच स्कंधावर लिहिले. सहावा गुरू चंद्र, सातवा सूर्य, आठवा ते कबूतर, तेविसावा कोळी. अवधूताने चंद्राकडून काय घेतले? कला वाढतात, कमी होतात, चंद्र तसाच असतो, तसे देहाला बदल, आत्म्याला नाही. यासाठी त्यांनी काय केले असेल? पंधरा दिवस आभाळाकडे पाहिले असेल. चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो, आपल्याला तो कमीजास्त दिसतो, हे आजही खरे आहे. कोळी आपल्या अंगातून जाळे काढतो आणि पुन्हा गिळतो हे पाहिले, त्यावरून ईश्वराची सृष्टी आणि लय शिकले. मुद्दा असा, की अवधूताने चोवीसांपैकी एकालाही 'तू माझ्या मताला साक्ष दे' असे म्हटले नाही. जे जसे आहे तसे पाहिले आणि शिष्य झाले. मी चंद्राकडे पाहिलेच नव्हते. मोबाईलकडे पाहिले आणि चंद्राला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. दत्तसंप्रदायात राहून सहाव्या गुरूशी हे वागणे!

गेल्या वर्षी दत्तजयंतीला मी पुन्हा दहा मिनिटे मागून घेतली आणि वरचे सगळे जमेल तसे सांगितले. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. दोघेतिघे नाराज झाले, एकांनी विचारले, "मग तुमचा धर्मावर विश्वास नाही का?" त्याहून जास्त टोचले ते माईंचे बोलणे. माई आपल्या मंदिरात चाळीस वर्षे जन्मोत्सवाचा पाळणा सजवतात, वय पंच्याऐंशीच्या पुढे. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, म्हणजे चंद्र अनसूयेचा नाही असं म्हणालात का हो तुम्ही?"

काय उत्तर द्यावे? ती मुलगी विचारत होती व्हाउचर, ते शोधता तरी येत होते. माईंनी चाळीस वर्षे ज्या बाळासाठी पाळणा बांधला त्याच्या भावाचे विचारत होत्या. मी म्हणालो, "माई, बँकेत लॉकर असतो ना तुमचा?"

"आहे की. सासूबाईंच्या पाटल्या आहेत."

"त्या पाटल्यांची किंमत बँकेच्या ताळेबंदात कुठेच नसते. बँकेला आत काय आहे तेही ठाऊक नसतं. म्हणून पाटल्या खोट्या होतात का?"

माई हसल्या. "खोट्या कशानं होतील!"

"आणि त्या आहेत म्हणून मी त्या बँकेच्या कॅशमध्ये धरून दाखवल्या, तर?"

"तर तुम्हाला घरी बसवतील," माई म्हणाल्या.

"तेच मी दोन वर्षांमागं केलं होतं, माई. अनसूयामातेनं दारी आलेल्यांना उपाशी पाठवलं नाही आणि आपली अब्रूही राखली, देवांना लेकरं करून. ते आपलं लॉकरमधलं. चंद्राचा दगड कसा झाला, ते लेजरमधलं."

त्यांना पटले की नाही मला कळले नाही. दत्तजन्म संध्याकाळचा आणि तिथी मार्गशीर्ष पौर्णिमेची. पौर्णिमेला इकडे सूर्य मावळतो त्याच सुमाराला तिकडे चंद्र उगवतो, त्यामुळे पाळण्याची तयारी होईतो आपल्या मंदिरामागच्या झाडांतून तो वर येतोच. माईंनी त्याच्याकडे बघून विचारले, "लांब किती असंल हो?"

"तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर. अपोलोवाल्यांनी तिथं आरसे ठेवलेत. इथून लेसर सोडला की अडीच-पावणेतीन सेकंदांत परत येतो, त्यावरनं मोजतात. दर वर्षी पावणेचार सेंटीमीटर लांब जातोय, दीड इंच धरा. माझ्या नोकरीत साडेचार फूट लांब गेला."

"एवढं मोजतात?"

"एवढं मोजतात."

माईंनी दोन्ही हात जोडून चंद्राला नमस्कार केला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता दोरी धरा जरा, फुलं बांधायची राहिलीत." मी दोरी धरली. आत बुवांनी टाळ घेतले होते. ती मुलगी आता पुण्याला एमएस्सी करते, त्या दिवशी आलेली नव्हती. हा अंक तिच्या वडिलांकडे देणार आहे.

तर २०२३ च्या लेखातल्या तिन्ही नोंदी या लेखाने उलट केल्या आहेत असे समजावे. ज्यांनी माझे ऐकून त्या पुढे कुणाला सांगितल्या असतील, त्यांची क्षमा मागतो.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!